जाळी धुण्याचं पाणी

भाद्रपद लागला, की सोलापुरात ऊन परत येतं. पावसानं जेमतेम तोंड दाखवलेलं असतं, गच्चीवरचं शेवाळ अजून हिरवं असतं, आणि अचानक एका दुपारी दारातली फरशी पायाला चटका देते. त्याच सुमाराला शैलाचा फोन येतो. "जाळी कुठवर आली गं?" दरवर्षी पहिला प्रश्न हाच. कशी आहेस, घरचे बरे आहेत का, हे सगळं नंतर. मी शिवणयंत्राखालचं कापड सरळ करत म्हणते, "झालीच." फोन ठेवल्यावर मात्र दिवसभर मला कुणाशी धड बोलता येत नाही. भाजीत मीठ जास्त पडतं. घरातल्यांना आता सवय झाली आहे, ते ताटात ताक वाढून घेतात.

कारण सांगून टाकते. मला शैलाचा हेवा वाटतो. लोक हेवा म्हणतात तेव्हा त्यात थोडं कौतुक मिसळलेलं असतं. माझ्यात तेवढीही भेसळ नाही. हा साधा, पोटात दुखणारा मत्सर आहे, आणि गेली पंचवीस-तीस वर्षं तो या दिवसांत न चुकता उगवतो.

शैला माझी एम.एस्सी.ची मैत्रीण, मूळची नातेपुत्याची. ती कोकणात एका लहानशा उपसागराच्या काठी राहते आणि त्या पाण्यातले प्राणिप्लवक मोजते. प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे बारीक बारीक जीव. एखादा मोहरीएवढा, पुष्कळसे त्याहून कितीतरी लहान. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि तिच्यासाठी जाळी शिवते. आमच्या दोघींची विद्या एक, पदवी एक. फक्त तिच्या वाट्याला समुद्र आला आणि माझ्या वाट्याला शिवण.

ही जाळी म्हणजे मासे धरायची नव्हे. स्क्रीन प्रिंटिंगवाले लाकडी चौकटीवर ताणतात ना, ती नायलॉनची झिरझिरीत जाळी. टॉवेलांवर आणि पिशव्यांवर छपाई करणारी दुकानं आमच्याकडे गल्लोगल्ली, त्यामुळे ते कापड इथे सहज मिळतं. ते कापायचं आणि लांब निमुळत्या टोपीसारखं शिवायचं. तोंडाला सायकलची रिम, शेपटाला प्लास्टिकची बाटली. होडीमागे ती संथ ओढत नेली, की पाणी जाळीतून निघून जातं आणि जीव बाटलीत उतरतात. शिवण बाहेरून घालावी लागते, नाहीतर आतल्या दुमडीत जीव अडकतात. एम.एस्सी. झाल्यावर आम्ही दोघी आमच्या सरांच्या हाताखाली एक मोसम तिथे होतो; त्यांनी परगावाहून मागवलेली जाळी सुरुवातीलाच खडकावर फाटली, तेव्हा सोलापूरहून कापड मागवून मी ही पहिल्यांदा शिवली होती. तेव्हापासून कापड तेच, माप तेच. जाळीची भोकं बदलली, की सापडणारे जीव बदलतात, मग यंदाचं काम मागच्या वर्षाशी ताडून बघता येत नाही. "आणि हातबी त्योच पायजे," शैला म्हणते. मला बरं वाटावं म्हणून म्हणते. मला बरं वाटत नाही.

आमचा मोसम म्हणजे गणपती उठल्यापासून संक्रांतीपर्यंतचा. आमच्या सरांचं काम होतं, त्यांना दोन हात हवे होते, आम्ही दोघी गेलो. मी त्याआधी समुद्र पाहिला होता तो सहलीतला, चपला हातात घेऊन. तिथे मात्र उजाडता उजाडता होडीत बसायचं आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत परतायचं. डिझेलचा वास, ओल्या दोरीचा वास, डब्यातल्या शेंगाचटणीला आलेला खारा दमटपणा. आईनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या तिथल्या हवेत दोन दिवसांत मऊ पडल्या. मी आईला पत्र लिहिलं, की इथे कडक काहीच राहत नाही.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. जाळी वर काढली, की तिला बाहेरून पाणी मारून धुवावं लागतं. आत चिकटलेले जीव त्या पाण्याबरोबर खाली बाटलीत जातात. धुतली नाही, तर निम्मा समुद्र जाळीवरच वाळतो. सरांनी हे काम मला सांगितलं. मी तांब्या घेतला. समुद्रात बुडवला, भरला, आणि जाळीवर बेतानं, धार धरून, वरून खाली फिरवला. एक तांब्या संपला, दुसरा अर्धा भरला. जमेल तेवढ्यात भागवायचं, हे माझ्या हाताला माझ्या आधीपासून ठाऊक होतं. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, तांदळाचं भांड्यांना, कपड्यांचं फरशीला. पाणी ओतणं ही क्रिया आमच्या घरात नव्हतीच. आम्ही पाणी घालायचो.

शैला माझ्याकडे बघत राहिली आणि मग होडी हलेल इतकी हसली. "अगं ए सोलापूरकरणी, वत की! कुणाच्या बापाचं हाय व्हय? आख्खा समुद्र हाय हितं!" तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, बादली बुडवली आणि भसाभसा जाळीवर उपडी केली. ती पाटाच्या पाण्यात वाढलेली. कॅनॉलला पाणी सुटलं, की उसात गुडघाभर उभी राहून, वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरणारी. तिच्या हाताला पाणी संपतं हे माहीतच नव्हतं. मी सुद्धा हसले, पण मला त्या क्षणी तिचा पहिल्यांदा राग आला, आणि तो समुद्राविषयीचा नव्हता. तिच्या हाताविषयीचा होता.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते बाटल्यांवरून. सुरुवातीला बाटली गच्च यायची. भगर धुतल्यावर पहिलं पाणी निघतं ना, तशी गढूळ आणि कणीदार. सूक्ष्मदर्शकाखाली एक-दोनच जातींची जत्रा भरलेली. सर समजावून सांगत, की पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, खालचं गार पाणी वर उचललं जातं, त्याबरोबर पोषण वर येतं, पाणी हिरवं होतं, आणि त्यावर ताव मारायला हे थोड्या जातींचे पण अफाट संख्येचे जीव वाढतात. दिवाळीनंतर हाच प्रवाह उलटा फिरतो. दक्षिणेकडचं कोमट, जरा कमी खारं पाणी घेऊन उत्तरेला निघतो. उपसागर जागचा हलत नाही. खडक तेच, बंदर तेच, देवळाचा कळस तोच. पण त्याच्या तोंडावरून कोणतं पाणी जातंय, त्यावर आत कोणी राहायचं ते ठरतं.

मी हे वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत लिहिलंही असतं. पण ते खरं कळलं एका सकाळी. दिवाळी होऊन गेली होती. जाळी वर आली, धुतली, आणि बाटलीत बघते तर नुसतं पाणी. स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. मी घाबरून जाळीच्या शिवणीवरून बोटं फिरवायला लागले. म्हटलं, उसवली. माझीच शिवण, माझीच चूक. शैलानं बाटली माझ्या हातातून घेतली आणि उगवत्या उन्हासमोर धरली.

बाटली भरलेली होती. काचेचे जीव होते ते. काचेच्या काड्यांसारखे बाणकृमी, सरळ झेप घेणारे. काचेची लहान पिंपं, दोन्ही बाजूंनी उघडी, आत-बाहेर आकसणारी. एक लांब मानेचा, दोन काळे डोळे तेवढे दिसणारा, बाकी सगळा आरपार. गर्दी ओसरली होती आणि तऱ्हा वाढल्या होत्या. कालपर्यंत यातलं कोणी इथे राहत नव्हतं. शैला हळूच म्हणाली, "फिरला बग." प्रवाह फिरला होता. मला रडू आलं, आणि ते कशासाठी हे मी आजही नेमकं सांगू शकत नाही. इतकं खरं, की त्यानंतर मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या, लग्न, बाळंतपण, घराची वास्तुशांत. पण बाटली उन्हासमोर धरल्यासारखं पुन्हा काही दिसलं नाही.

संक्रांतीला मोसम संपला. सरांकडे पुढं एकाला राहता येणार होतं. मला घरून कळलं होतं, की कॉलेजातली जागा पक्की होतेय, गावातच, पेन्शनची. मला कोणी ओढून आणलं नाही. मी माझ्या पायांनी एसटीत बसले आणि गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात हजर झाले. शैला राहिली. झालं ते इतकंच, त्यात कुणाचा अन्याय नाही. म्हणूनच तर दुखतं. अन्याय असता तर भांडता आलं असतं.

मी वर्गात शिकवते, की प्लवक म्हणजे वाहते जीव, प्रवाहापुढे त्यांचं काही चालत नाही. मग लगेच दुरुस्ती करते, की अगदी तसंही नाही. उपसागरात वरचं पाणी एकीकडे आणि तळाचं पाणी दुसरीकडे जात असतं. खेकड्यांची पिल्लं, जी डोळ्याला धड दिसतही नाहीत, ती वेळ बघून खाली उतरतात, वेळ बघून वर येतात, आणि वाहून न जाता तिथेच राहतात. पोहता येत नसलं, तरी राहता येतं. दरवर्षी हे वाक्य आलं, की मी खडू उगाच मोडते. मुलं लिहून घेतात.

मी नंतर तिकडे गेले नाही असंही नाही. एकदा आम्ही सगळे गेलो होतो, मे महिन्यात, मुलीला सुट्टी म्हणून. शैला कामानिमित्त बाहेर होती. किनाऱ्यावर उंट होता. आमचे हे भेळ खात म्हणाले, "छान आहे की जागा, तू म्हणायचीस ते बरोबर आहे." मी म्हणाले, "ही ती जागा नाही." त्यांनी पाटी वाचून दाखवली. पाटी बरोबर होती. पण तोंडावरून जाणारं पाणी ते नव्हतं, आणि मी होडीत नव्हते. काठावरून बघितलेला समुद्र मला परक्याच्या घरातल्या देव्हाऱ्यासारखा वाटला. हात जोडले आणि निघाले.

यंदा शैलाचा फोन आला तेव्हा मी कापड कापत होते. "जाळी कुठवर आली?" झालं. मग म्हणाली, "या वर्साला जाळीबरूबर माणूसबी पायजे गं. गणपतीपासनं संक्रांतीपतुर. आपला मोसम."

आपला मोसम, असं म्हणाली ती. एका श्वासात मी रजेचा अर्ज लिहिला, यांच्या डब्याची सोय लावली, सासूबाईंच्या औषधांच्या पुड्या बांधल्या, बॅगेत जुना टॉवेल टाकला. घसा खाकरून म्हणाले, "बोल."

"रेवतीला पाठवतीस का? तिचं एम.एस्सी. झालं न्हवं? लई हुशार पोरगी हाय. मला अशीच पायजे."

रेवती माझी मुलगी. मी म्हणाले, "विचारते." आवाज बरा निघाला असावा, कारण शैला खुशीत होती. फोन ठेवला आणि कापडाकडे बघितलं, तर कात्री रेघ सोडून भलतीकडेच गेली होती. तेवढं कापड वाया गेलं.

रेवतीला विचारायची गरज नव्हती, ती दारातच उभी होती, शैलाचा मोठा आवाज तिथवर पोचला होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला माझ्या पोरीचा चक्क राग आला. आईला असं वाटू नये म्हणतात. वाटलं. शैलानं समुद्र घेतला, आता माझी मुलगीही नेणार. आणि मुलीनं माझं जे एकच होतं, तो मोसम, तो नेणार. मी दोघींच्या मध्ये सुई-दोरा घेऊन बसायचं. चार दिवस मी नाही म्हणायची कारणं शोधली. दमट हवा, तिला सर्दी. होडीचा धोका. नोकरीच्या परीक्षा. हे एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "एवढं जिवाला लागतंय तर तू पण जाऊन ये की चार दिवस." मी म्हणाले, "चार दिवसांत प्रवाह फिरत नसतो." ते बिचारे पेपरात शिरले.

त्या संध्याकाळी रेवती शिवणयंत्राजवळ येऊन बसली. नुसतं म्हणाली, "आई, तू नको म्हणालीस तर नाही जाणार मी." धमकी नव्हती त्यात, रुसवाही नव्हता. ती खरंच गेली नसती. आणि मला दिसलं, की ही इथेच राहील, इथेच कुठेतरी शिकवेल, आणि दर भाद्रपदात हिचीही भाजी खारट होईल. घरात एक पुरे. मी म्हणाले, "रिम धर. शिवण कशी घालायची ते दाखवते."

मग मी तिला सगळं शिकवलं. जाळी कधी पिळायची नाही. सावलीतच वाळवायची. मळमळलं तर क्षितिजाकडे बघायचं. शेंगाचटणीचा डबा घट्ट लावायचा. फक्त दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. दिवाळीनंतर एका सकाळी बाटली रिकामी दिसेल, हे सांगितलं नाही; ते मायेपोटी. तिचं तिला दिसू दे. आणि जाळी धुताना हात सैल सोड, पाणी भरपूर लागतं, हे सांगितलं नाही, ते मत्सरापोटी. तीही याच घरात वाढली आहे. तिला मी एका बादलीत आंघोळ घातली, पेल्याभर पाण्यात दात घासायला लावले, नळ ठिबकला तर हाक मारून उठवलं. तीही पहिल्या दिवशी तांब्या घेईल, धार धरेल, आणि शैला होडी हलेल इतकी हसेल. निदान तेवढं तरी माझ्यासारखं होऊ दे, असं मला वाटलं. त्या मोसमात माझी म्हणून एक खूण राहील.

ती गेली. घर मोठं झालं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं ऊन. मी वर्गात खडू मोडत राहिले आणि पहिल्या खेपेच्या फोनची वाट बघत राहिले.

फोन आला तो आमच्या पाण्याच्या दिवशी. सकाळीच नळ आला होता, मी अंगणातल्या पिंपात पाइप सोडून जवळच उभी होते, कारण पिंप भरताना आम्ही जवळच उभे राहतो. फोनमधून आधी वारा ऐकू आला, मग लाकडावर आपटणारं पाणी. तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकत होते.

"आई, पहिली खेप झाली! बाटली गच्च आलीय!"

"येणारच," मी म्हणाले. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जाळी धुतलीस?"

"हो की."

"कशी धुतलीस?"

"कशी म्हणजे? बाहेरून. बादल्या भरभरून ओतल्या. सगळी होडी भिजवली मी, मावशी ओरडली शेवटी."

"भरपूर ओतायचं हे कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" ती हसायला लागली. "समुद्र आहे की, आई!"

फोन शैलानं घेतला. "ही काय तुझ्यावर न्हाय गेली गं," ती म्हणाली. "लई पाणी वतती. मी आपली तांब्या हुडकून ठिवला हुता हिच्यासाठी, हसायला म्हणून. तिनं बघितलाबी न्हाय त्याच्याकडं." आणि ती हसली. तेच हसू, तसंच, रेवतीसाठी मी राखून ठेवलेलं.

"न्हाय ना गेली?" मी म्हणाले. "बरं झालं."

मी पायरीवर बसले. इतक्या वर्षांत शैलाचा वाटला नसेल एवढा हेवा मला त्या घडीला माझ्या मुलीचा वाटला. तिच्या हाताचा. एका बादलीत वाढवलेल्या पोरीचा हात इतका मोकळा कुठून आला? माझ्याकडून नाही. मी तर तो बांधूनच दिला होता. तिनं तो कधी सोडवून घेतला मला कळलंही नाही. आणि त्या हेव्याच्या जोडीनं आतून असा आनंद येत होता, की दोन्ही वेगळे काढता येईनात. फोन चालूच होता; रेवती लांबून कुणाला तरी सांगत होती, की दोरी सोड, दुसरी खेप घेऊ.

पिंप भरलं. काठावरून पाणी अंगणात उतरलं, तुळशीला वळसा घालून दाराबाहेर निघालं. शेजारच्या काकू कठड्यावरून ओरडल्या, "अहो, पाणी चाललंय की तुमचं!"

मला ऐकू आलं होतं. पण नळ बंद करायला उठायला त्या दिवशी मला थोडा वेळ लागला.